एकशे तेहेतीस तारांची दोरी

तुमच्या सायकलच्या ब्रेकची वायर कधी तुटली आहे का? तुटली असेल, तर आठवून पहा. ती मधोमध तुटली नसेल. हँडलजवळ, जिथे वायरच्या टोकाला शिशासारखा लहानसा गोळा असतो, तिथेच ती गेली असेल. तुटण्याआधी तिथल्या एकदोन बारीक तारा सुटून बोटाला टोचल्याही असतील. "अजून चालतेय ना," असे म्हणून तुम्ही तशीच सायकल दामटली असेल. आणि एके दिवशी उतारावर नेमका ब्रेक दाबल्यावर ती तुटली असेल.

हीच गोष्ट गेल्या वर्षी आमच्या नांदगाव पेठेच्या घरी घडली. फरक इतकाच, की वायर सायकलची नव्हती, घरच्या जिमची होती. आणि "अजून चालतेय ना" असे म्हणणारा माणूस महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. तो माणूस म्हणजे मीच.

२०२० साली टाळेबंदीत जिम बंद पडल्या, तेव्हा अनेक घरांत व्यायामाची यंत्रे आली. आमच्याकडेही एक जुने मल्टिजिम आले. लोखंडी चौकट, आत दोन उभ्या दांड्या, त्या दांड्यांवर सरकणारी वजनाच्या प्लेटांची चळत, आणि चळतीला बांधून सहा कप्प्यांवरून फिरत आलेली एक केबल. केबलच्या टोकाला आडवा बार. खुर्चीवर बसून तो बार खाली ओढला, की पाठीमागे प्लेटा वर जातात. माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो. तो रोज पहाटे या यंत्रावर घाम गाळायचा.

एका पहाटे धाडकन आवाज झाला. केबल तुटून बार त्याच्या डोक्यावर बसला होता. चार टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. मैदानी चाचणी दीड महिन्यावर आली होती.

रक्त पुसून झाल्यावर त्याने तुटलेले टोक माझ्यापुढे धरले आणि विचारले, "काका, पट्टी इथंच लावली होती नं आपण?"

तिथेच लावली होती. पंधरा दिवसांपूर्वी केबलच्या प्लास्टिकला चीर पडून तिथे फुगवटा आला होता. मी त्यावर विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि निश्चिंत झालो. त्या पट्टीखाली काय चालले होते, ते समजून घेण्यासाठी आम्ही दोघांनी ती केबल उकलली. जे दिसले, ते तुम्हाला सांगतो.

दोरीच्या पोटात काय असते?

बाहेरून पाहिले तर जिमची केबल म्हणजे प्लास्टिकची गुळगुळीत काळी दोरी. ब्लेडने वरचे आवरण उभे चिरून काढले, की आत चकाकणारी पोलादी दोरी दिसते. आमच्या केबलची आवरणासह जाडी ४.८ मिलिमीटर होती. आतली दोरी ३.२ मिलिमीटर. म्हणजे इंचाच्या हिशेबात ३/१६ आणि १/८. घरगुती यंत्रांत बहुधा याच मापाच्या केबल असतात.

आतल्या दोरीचे टोक उलगडले तर सात पदर निघतात. मधे एक आणि त्याच्याभोवती पीळ दिलेले सहा. आता एक पदर उलगडा. त्यात एकोणीस तारा असतात. मधे एक, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. सात गुणिले एकोणीस, म्हणजे एकशे तेहेतीस तारा. या बांधणीला ७ × १९ असे म्हणतात. जिथे दोरीला कप्प्यांवरून सतत वळायचे असते, तिथे ही बांधणी वापरतात. एकेक तार साधारण ०.२१ मिलिमीटर जाडीची, आणि गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली.

या तारा एकमेकींना डिंकाने चिकटवलेल्या नसतात. मग त्या एकत्र कशा राहतात? उत्तर आपल्या वऱ्हाडात कापसापाशी सापडेल. कापसाचा एक तंतू जेमतेम अडीचतीन सेंटिमीटर लांब असतो, पण त्यापासून काढलेला दोरा कितीही लांब असू शकतो. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात. जितके ओढावे तितके अधिक दाबले जातात. आणि त्यांच्यातले घर्षण त्यांना निसटू देत नाही. पोलादी दोरीचेही तसेच. तिच्यातली एक तार तुटली, तर थोड्याच अंतरावर घर्षणामुळे ती पुन्हा आपला वाटा उचलू लागते. त्यामुळे एका तारेच्या तुटण्याने दोरी तुटत नाही.

हा पोलादी दोरीचा मोठा गुण आहे. साखळीची एक कडी तुटली की सारे संपते. दोरी मात्र तुटण्यापूर्वी पुष्कळ दिवस इशारे देत राहते. पण तारांवर अपारदर्शक आवरण असले, तर हे इशारे दिसत नाहीत. आवरण पाण्यापासून आणि घासण्यापासून तारांना वाचवते, पण आतला रोगही झाकून ठेवते.

एक जाड सळई का नाही?

तुम्ही विचाराल, एवढ्या बारीक तारांचा खटाटोप कशासाठी? ३.२ मिलिमीटरची एकच पोलादी तार वापरली तर? सरळ ओढण्यापुरती ती चालेलही. पण कप्पीवरून वळवताच घोटाळा होईल. कसा, ते एका सोप्या गणिताने पाहू.

एखादी तार कप्पीवरून वळते, तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली आखडते. मधली रेषा मूळ लांबीचीच राहते. मधल्या रेषेची त्रिज्या क आणि तारेची त्रिज्या त मानली, तर बाहेरच्या कडेची त्रिज्या क + त होईल. वर्तुळाच्या कंसाची लांबी त्रिज्येच्या प्रमाणात असते. म्हणून बाहेरच्या कडेची सापेक्ष वाढ त भागिले क, म्हणजेच तारेचा व्यास भागिले कप्पीचा व्यास इतकी झाली. याच वाढीला आपण विकृती म्हणतो.

आमच्या यंत्राच्या कप्पीचा खाचेतला व्यास ९० मिलिमीटर आहे. जाड तारेसाठी विकृती होईल ३.२ ÷ ९०, म्हणजे सुमारे ३.५ टक्के. दोरीसाठी वापरायचे उत्तम पोलादही एक टक्क्याच्या आतच स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडते. म्हणजे ती जाड तार पहिल्याच फेरीत कायमची वाकडी होईल. आता बारीक तार घ्या. ०.२१ ÷ ९०, म्हणजे सुमारे ०.२३ टक्के. ही मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. तार वाकते आणि पुन्हा निमूट सरळ होते.

याच सूत्रातून आणखी एक धडा मिळतो. कप्पी फुटली म्हणून बाजारातून ४० मिलिमीटरची छोटी कप्पी आणून बसवली, तर विकृती ०.५ टक्क्यावर जाते. वजन तेच, केबल तीच, पण तारांचे कष्ट दुपटीहून अधिक. म्हणून कप्पी बदलताना तिचा व्यास पूर्वीइतकाच हवा. मोठी चालेल, लहान नको.

धातूलाही थकवा येतो

इथे एक शंका येईल. विकृती मर्यादेच्या आत आहे, तर मग तारा तुटतात तरी कशा?

एक यू-पिन घ्या. ती एकदा सरळ करा. तुटत नाही. आता तीच जागा पुन्हापुन्हा मागेपुढे वाकवा, आणि किती खेपांनंतर तुटते ते मोजा. (तुकडा उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून पिन डोळ्यांपासून दूर धरा.) दर खेपेला तुम्ही सारखेच बळ लावले, पण एका खेपेला ती तुटली. पुन्हा कमी कोनात वाकवून पहा. आता खेपा अधिक लागतील. वाकवणे जितके सौम्य, तितके आयुष्य अधिक. पण आयुष्याला शेवट आहेच. धातूत कुठेतरी सूक्ष्म चीर सुरू होते, आणि प्रत्येक खेपेला ती केसाच्या अंशाने पुढे सरकते. याला धातूचा थकवा म्हणतात.

या थकव्याचा आणि पोलादी दोरीचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. जर्मनीतील हार्झ पर्वतात चांदीच्या खाणी होत्या. तिथे खनिज वर ओढायला तागासारख्या तंतूंचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरीत. दोर कुजत आणि साखळ्या अवचित तुटत. विल्हेल्म आल्बर्ट या खाण-अधिकाऱ्याने १८२९ च्या सुमारास साखळ्यांवर पुन्हापुन्हा भार देऊन त्या किती खेपांनी तुटतात हे तपासले. पुढे १८३४ साली त्याने क्लाउस्थालच्या खाणीत लोखंडी तारांना पीळ देऊन बनवलेली दोरी वापरली. तिच्यात तीन पदर होते, आणि प्रत्येक पदरात साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार तारा. आजच्या पोलादी दोरांची ती पूर्वज. त्यानंतर आउगुस्ट व्योलर याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून थकव्याचे नियम शोधले. रायगडावर १९९६ पासून धावणारा रोपवे घ्या, इमारतीतली लिफ्ट घ्या, की आमचे मल्टिजिम घ्या, सगळीकडे हेच नियम लागू पडतात.

आता हिशेब करा. एका बैठकीत माझा पुतण्या बार साठ वेळा ओढतो. दर ओढीला केबलचा ठराविक भाग कप्पीवर चढतो आणि उतरतो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर वर्षाला अठरा हजार वाकणी, तीही त्याच भागात. केबलचा उरलेला भाग मात्र सरळच्या सरळ वरखाली होतो. केबल सगळीकडे सारखी का झिजत नाही, याचे हे उत्तर. ती कप्पीवरून ये-जा करणाऱ्या भागात थकते, आणि जिथे लवचीक दोरी एकदम कडक धातूच्या टोपणात शिरते, त्या टोकाशी थकते. सायकलच्या ब्रेकची वायरही गोळ्याजवळ तुटते ती याच कारणाने.

चाळीस किलोचे चारशे किलो

३.२ मिलिमीटर जाडीची, ७ × १९ बांधणीची नवी दोरी तुटायला सुमारे ९०० किलोग्रॅम-भार लागतो. आमच्या चळतीचे एकूण वजन ६० किलोग्रॅम. म्हणजे पंधरापट ताकद. एवढी कशासाठी? उधळपट्टी वाटते ना? पण वजन स्थिर असते तेव्हाच केबलमधला ताण वजनाइतका असतो. धक्का बसला की हिशेब बदलतो.

अपघाताच्या दिवशी काय झाले ते पुतण्याने नीट सांगितले. बार खाली ओढून तो वर सोडत होता. प्लेटा मात्र दांड्यांवर अडकून वरच राहिल्या. दांड्या कोरड्या आणि गंजलेल्या होत्या, कारण त्या पुसायचे आम्ही कधी मनावर घेतले नव्हते. केबल सैल पडली. त्याने बार जरा हलवला, आणि प्लेटा एकदम सुटल्या.

समजा, ४० किलोच्या प्लेटा १० सेंटिमीटर मोकळ्या पडल्या. मग केबल ताठ झाली, आणि केबलचे ताणणे, चौकटीचे वाकणे, हातांचे वर ओढले जाणे, या सगळ्यांत मिळून २.५ सेंटिमीटरमध्ये प्लेटा थांबल्या. एकूण पडणे १२.५ सेंटिमीटर. गुरुत्वाकर्षणाने केलेले कार्य ४० × १२.५. तेवढेच कार्य केबलने २.५ सेंटिमीटरमध्ये करून ही ऊर्जा शोषली पाहिजे. म्हणून सरासरी ताण झाला ४० × १२.५ ÷ २.५ = २०० किलोग्रॅम-भार. पण केबल स्प्रिंगसारखी वागते. तिचा ताण शून्यापासून वाढत जातो. म्हणून शेवटचा, सर्वांत मोठा ताण सरासरीच्या दुप्पट, म्हणजे ४०० किलोग्रॅम-भार.

चाळीस किलो वजनाचा चारशे किलोचा झटका! धडधाकट केबलने तोही सोसला असता. आमची केबल धडधाकट होती का?

तुटक्या टोकांची साक्ष

मी आणि पुतण्या भिंग घेऊन बसलो. तुटलेल्या टोकाच्या तारा सुईने वेगळ्या करून पांढऱ्या कागदावर मांडल्या. तारांची टोके सरळसरळ दोन प्रकारची होती. काही टोके चांदीसारखी चकाकत होती. बाकीची तांबूस-काळी होती, त्यांच्यावर गंज चढला होता.

पोलाद तुटते त्या क्षणी तुटलेला पृष्ठभाग चकाकता असतो. गंज चढायला वेळ लागतो. म्हणजे काळवंडलेल्या तारा अपघाताच्या दिवशी तुटल्याच नव्हत्या. त्या आधीच कधीतरी तुटल्या होत्या. चकाकणाऱ्या तेवढ्या त्या पहाटे तुटल्या. आम्ही त्या मोजल्या. १३३ पैकी ४० भरल्या.

बाकी गणित तुम्हीच करा. ९०० गुणिले ४० भागिले १३३, म्हणजे सुमारे २७०. हा हिशेब ढोबळ आहे, पण पुरेसा बोलका आहे. २७० किलोची उरलेली ताकद रोजच्या ४० किलोच्या ओढीला पुरत होती. म्हणून केबल "चालत" होती. ४०० चा झटका आला, आणि ती गेली.

माझ्या चिकटपट्टीने काय केले? उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. यंत्र पत्र्याच्या खोलीत. उष्णतेने प्लास्टिक वर्षानुवर्षे कडक होत गेले आणि वाकताना चिरले. जूनमध्ये पावसाळी हवा आली, चिरेतून ओल आणि घामाचे खारे पाणी आत शिरले. जस्ताचा मुलामा आधीच घासला गेला होता. गंजामुळे तारांवर खड्डे पडले, आणि प्रत्येक खड्डा म्हणजे थकव्याच्या चिरेचे आयते प्रवेशद्वार. फुगवटा होता तो आतल्या तुटक्या तारांच्या उसवण्याचा. मी पट्टी लावून ओल आत कोंडली, आणि जो इशारा डोळ्यांना दिसत होता तो झाकून टाकला. पट्टीने केबलला काडीचेही बळ मिळाले नाही.

आमच्या बाबांनी हे सगळे ऐकून घेतले. त्यांनी लहानपणी विहिरीवर मोट हाकली आहे. मोटेचा नाडा रोज सकाळी हातातून फिरवून पाहिल्याशिवाय बैल जुंपायचे नाहीत, असा आजोबांचा दंडक होता. बाबा एवढेच म्हणाले, "नाडा बोलते, आपून आयकत नाई."

केबल मोजायची कशी?

आता कामाला लागू. नवी केबल मागवायची, तर चार गोष्टी कळवाव्या लागतात: लांबी, आवरणासह जाडी, आतल्या दोरीची जाडी, आणि दोन्ही टोकांचे प्रकार. यंत्रावर कंपनीचे नाव व नमुना क्रमांक असेल तर तोही.

जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. प्रयोगशाळेतला कॅलिपर यासाठी उत्तम. आवरणाची जाडी तीनचार ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. आतली दोरी मोजताना मात्र जपावे. बाहेरच्या सहा पदरांमुळे ती खरी गोल नसते. तिला उंचवटे आणि खोबणी असतात. जबडे दोन समोरासमोरच्या उंचवट्यांवर टेकले पाहिजेत. म्हणून दोरी जबड्यांत हळूहळू फिरवावी, आणि सर्वांत मोठे येणारे माप खरे धरावे.

जाडीत चूक झाली तर? केबल जास्त जाड असेल तर ती खाचेत रुतून घासते. जास्त बारीक असेल तर ताण सैल पडताच कप्पी आणि तिच्या पट्टीच्या फटीत उतरून अडकते. दोन्ही वाईट.

लांबी मोजण्यासाठी केबल काढून फरशीवर सरळ ताठ ठेवावी आणि धातूच्या टेपने मोजावी. टोकाचा गोळा, कडी किंवा आट्यांचा बोल्ट मापात धरला की नाही, हे चित्र काढून स्पष्ट लिहावे. "साडेतीन मीटर" एवढेच लिहिले तर घोटाळा ठरलेला.

आमची केबल तुटलेली होती. मी दोन्ही तुकडे मोजून बेरीज केली. पुतण्याने दुसरी युक्ती केली. प्लेटा पूर्ण खाली ठेवून त्याने एक मिलिमीटर जाडीचा न ताणणारा दोरा सगळ्या कप्प्यांवरून केबलच्याच वाटेने फिरवला आणि तो मोजला. आमच्या मापांत जवळजवळ ४ सेंटिमीटर फरक आला. त्याचे माप कमी! दोघांनी पुन्हा मोजले. फरक कायम.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा आणि कारण शोधून पहा.

कारण पुतण्यालाच सापडले. दोरा बारीक, म्हणून त्याची मधली रेषा खाचेपासून अर्धा मिलिमीटर दूर. केबल सुमारे पाच मिलिमीटर जाड, म्हणून तिची मधली रेषा अडीच मिलिमीटर दूर. म्हणजे केबल दोन मिलिमीटर अधिक त्रिज्येच्या वर्तुळावरून जाते. अर्ध्या फेऱ्याला जास्तीची लांबी ३.१४ × २, म्हणजे ६.२८ मिलिमीटर. अशा सहा कप्प्या. एकूण ३७.७ मिलिमीटर! दोऱ्याच्या मापाने केबल मागवली असती, तर ती सुमारे ४ सेंटिमीटर आखूड पडली असती. मग वरची प्लेट चळतीपासून अधांतरी उचललेली राहते, छिद्रे जुळत नाहीत आणि पिन बसत नाही. डोक्याला पट्टी बांधलेल्या मुलाने एका दोऱ्यात भूमिती शिकवली, याचे मला त्या दिवशी फार बरे वाटले.

नवी केबल बसवताना

दुकानात एकाने सुचवले, "तुटलेली टोके क्लॅम्प लावून जोडून देतो." हे कधीही करू नये. जोड कप्पीवरून जात नाही. क्लॅम्प बारीक तारा चिरडतो. आणि प्लास्टिकवर आवळलेला क्लॅम्प तारांना नव्हे, प्लास्टिकला धरतो. ओढ बसताच दोरी आवरणातून निसटते. गाठ मारणे त्याहून वाईट, कारण गाठीतल्या तीव्र वळणाने विकृती किती वाढते ते आपण वर पाहिलेच. टोकांची धातूची टोपणे साच्यात प्रचंड दाबाने बसवावी लागतात. हातोडी आणि पक्कड यांचे ते काम नव्हे. म्हणून दोन्ही टोके बसवलेली तयार केबलच घ्यावी.

जुनी केबल काढण्यापूर्वी तिच्या वाटेचे चित्र काढा किंवा फोटो घ्या. प्लेटा पूर्ण खाली, पिन काढलेली. एकाने धरावे, दुसऱ्याने काम करावे. केबल निघाली की प्रत्येक कप्पी बोटाने फिरवून पहा. ती गरगर फिरली पाहिजे, डुगडुगता कामा नये. अडकलेली कप्पी मोठी घातक असते. खुंट्याला दोराचा अर्धा वेढा देऊन ओढाळ वासराला धरता येते, ते घर्षणाच्या बळावर. तेच घर्षण अडकलेल्या कप्पीवर आपल्याविरुद्ध काम करते. घर्षणांक ०.२ धरला, तर अर्ध्या वेढ्याने ओढ १.८७ पट होते. म्हणजे ४० किलो उचलायला सुमारे ७५ किलोची ओढ, आणि शिवाय केबलचे आवरण दर खेपेला घासून निघते ते वेगळेच.

नवी केबल त्याच वाटेने ओवा. पीळ किंवा गाठ पडू देऊ नका. वरच्या प्लेटीतला बोल्ट आपल्या व्यासाच्या निदान दीडपट खोल आट्यांत गेला पाहिजे, आणि त्यावरचा दुसरा नट घट्ट आवळला पाहिजे. नाहीतर धक्क्यांनी बोल्ट हळूहळू उलटा फिरून बाहेर येतो. लांबी अशी ठेवा, की केबल ढिली नाही आणि वरची प्लेट उचललेलीही नाही. मग एकाच प्लेटेवर बार पूर्ण खालपर्यंत वीसेक वेळा ओढून पहा. नव्या दोरीचे पदर भार पडल्यावर एकमेकांत बसतात आणि ती किंचित लांबते. म्हणून आठवड्याने पुन्हा तपासा.

निगा: चिमूटभर कापूस

आठवड्यातून एकदा, पिन काढून, हातात कापसाचा बोळा घ्या आणि केबल तिच्या पूर्ण लांबीभर त्यातून फिरवा. उघडे बोट कधीही फिरवू नका, कारण तुटक्या तारेचे टोक सुईसारखे घुसते. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे आवरण चिरले आहे किंवा तार बाहेर आली आहे. टोकांजवळ आणि कप्प्यांवरून ये-जा करणाऱ्या भागात अधिक वेळ थांबा. फुगवटा, चपटेपणा, कायमचा बाक, टोपणातून सरकलेली दोरी, गंजाचा तांबूस डाग, उघडी तार: यांपैकी एक जरी दिसले, तरी यंत्र त्या क्षणी बंद. "आजचा दिवस चालवू" हे नाही.

केबल ओलसर फडक्याने पुसून कोरडी करावी. आवरण असलेल्या केबलला तेल लावू नये. ते आत पोचत नाही, आणि वर धूळ धरते. प्लेटांच्या दांड्या मात्र पुसून त्यांवर सिलिकॉनच्या वंगणाचा पातळ हात फिरवावा, म्हणजे प्लेटा अडकणार नाहीत आणि चारशे किलोचा तो झटका बसणारच नाही. जाड ग्रीस नको. यंत्रात दोन केबल असतील आणि एक थकून तुटली असेल, तर दुसरीचेही वय तेवढेच आहे हे विसरू नका.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. तिथल्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. दोरीच्या मल्लखांबावर मुले उंच चढून आसने करतात, ती त्या दोरीच्या भरवशावर. आपल्या घरातल्या यंत्रालाही तोच भरवसा हवा, आणि तो रोज तपासूनच मिळतो.

पुतण्याचे टाके निघाले. मैदानी चाचणीला तो गेला. त्या सकाळी निघण्यापूर्वी मी खोलीत डोकावलो, तर तो हातात कापसाचा बोळा घेऊन केबल तपासत होता. व्यायाम त्या दिवशी करायचाच नव्हता.

जुन्या केबलचा तुकडा मी महाविद्यालयातल्या माझ्या टेबलावर ठेवला आहे. त्याच्यावरची काळी पट्टी मी काढलेली नाही.

तुम्ही करून पहा

१. सायकलच्या ब्रेकची टाकाऊ वायर मिळवा. ती उलगडून तारा मोजा. तुटलेल्या टोकांपैकी किती चकाकती आहेत आणि किती गंजलेली, याची नोंद करा. (हातमोजे घाला आणि मोठ्यांना सोबत घ्या.)

२. तीन यू-पिना घ्या. एक ९० अंशांत, दुसरी ६० अंशांत आणि तिसरी ३० अंशांत मागेपुढे वाकवा. किती खेपांनी तुटतात त्याचा आलेख काढा. आलेखाची रेषा सरळ येते का?

३. आमच्या यंत्रात सहाऐवजी आठ कप्प्या असत्या, आणि दोरा दोन मिलिमीटर जाडीचा असता, तर दोऱ्याच्या मापात किती चूक आली असती?